अक्षर नसलेला टायर

आमच्या घरात टायरबद्दलचा शेवटचा शब्द बाबांचा असतो. शारजाच्या औद्योगिक भागात एका टायरच्या दुकानात ते एकवीस वर्षं काम करतात. आधी फिटर होते, आता काउंटर आणि फिटिंग दोन्ही बघतात. शहरातल्या अल मजाज वस्तीतल्या आमच्या जुन्या इमारतीत कुणी गाडी घेतली की ती आधी बाबांना दाखवायला आणतात. बाबा इंजिनाकडे बघतही नाहीत. ते उकिडवे बसतात, टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचतात, म्हणजे तो कुठल्या वर्षी, कुठल्या आठवड्यात बनला ते. मग अंगठ्याचं नख रबरात रुतवतात आणि उठताना "चालेल" किंवा "बदला" एवढंच म्हणतात.

त्यामुळे गेल्या नोव्हेंबरात ताईने कॅनडातून व्हिडिओ कॉल केला आणि "बाबांना द्या" म्हणाली, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही.

ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. एप्रिलमध्ये ती, भावजी आणि चार वर्षांची भाची असे तिघं इथून तिकडे गेले. हा त्यांचा पहिलाच हिवाळा होता. भावजी लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात, तीन-तीन दिवस घरी नसतात. ताई सकाळी भाचीला पाळणाघरात सोडून बेकरीत कामाला जाते. त्या आठवड्यात पहिला बर्फ पडला होता. सिग्नल लाल झाला, ताईने ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही. सरकत सरकत चौकाच्या मध्यापर्यंत गेली. बाजूने येणारा ट्रक कसाबसा थांबला.

"आजोबा, द कार वेंट व्हूश!" मागून भाची ओरडली. तिला ती गंमत वाटली होती.

ताई हसली नाही. चार दिवस तिने गाडीला हात लावला नव्हता. दोन बस बदलून, भाचीला त्या थंडीत थांब्यावर उभं करून ती जात होती. "स्टिअरिंग धरायची हिंमतच होत नाही, बाबा. हिवाळ्याचे टायर घाल म्हणतात सगळे. शनिवारची वेळ घेतलीय. दुकानवाल्याने दोन दाखवलेत, किंमत जवळजवळ सारखीच. तुम्ही सांगाल तो घेते."

तिने दोन्ही टायरचे फोटो पाठवले. बाबांनी चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठे केले आणि दोन मिनिटांत निकाल दिला.

"पहिला घे. बघ, तापमानाला ए आहे. स्पीडला व्ही. दुसऱ्यावर तापमानाचं अक्षरच नाही गं! आणि स्पीडला क्यू? क्यूचा माल आम्ही गिऱ्हाइकाला दाखवतसुद्धा नाही. फसवतायत तुला."

"पण तो म्हणतो दुसरा हिवाळ्याचा खास आहे. पहिला बाराही महिने चालतो."

"मग बाराही महिने चालणारा चांगला की चार महिने चालणारा?" बाबा म्हणाले. "डोळे झाकून पहिला घे. खलास."

बाबांचं म्हणणं हवेतलं नव्हतं, हे मला सांगितलं पाहिजे. आमच्याकडे टायर मरतो तो उन्हाने. ऑगस्टच्या दुपारी हायवेवर फुटलेल्या टायरच्या पट्ट्या पडलेल्या असतात, आणि त्या गाडीत कोण होतं याची बातमी कधी कधी बाबांच्या दुकानात आधी पोचते. टायर किती उष्णता सोसतो हे ए, बी, सी अशा अक्षरांनी त्याच्या बाजूवर छापलेलं असतं, आणि त्याला किती वेग झेपतो तेही वेगळ्या अक्षराने. त्यातला ए शोधायचा, ही सवय बाबांना इतकी लागलीय की वाणसामानाच्या पाकिटावरही ते आधी बारीक अक्षरं वाचतात.

पण माझ्या डोक्यातून ते न छापलेलं अक्षर जाईना. मी इथल्याच एका कॉलेजात मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. वर्गात जे शिकवतात त्यातलं अर्धं मला कळतं आणि उरलेलं अर्धं मी लिहून घेते, पुढेमागे कळेल म्हणून. अशाच लिहून घेतलेल्या पानावर एक ओळ होती, की फार थंडीत रबर काचेसारखं वागू लागतं. काचेसारखं म्हणजे कसं, ते विचारायला तेव्हा माझा हात वर झाला नव्हता. आता मात्र प्रश्न पडला. ज्या देशात सहा महिने बर्फ असतो, तिथली माणसं आपल्या खास टायरवर अक्षर छापायचं विसरतील कशी?

दोन दिवस मी बसमध्ये, कँटीनमध्ये, जमेल तिथे वाचत राहिले. उत्तर साधं निघालं. खास बर्फाच्या टायरना ती अक्षरं देतच नाहीत. म्हणजे तो टायर नापास नव्हता, त्या परीक्षेला बसलाच नव्हता. त्याची परीक्षा वेगळी, आणि तिची खूण म्हणजे तीन शिखरांचा एक छोटा डोंगर आणि त्याच्या आत बर्फाची चांदणी. मी ताईचे फोटो पुन्हा उघडले. दुसऱ्या टायरवर तो डोंगर होता. पहिल्यावर नव्हता.

हे मला बुधवारी कळलं. शनिवारी ताई टायर बसवणार होती. आणि तरी मी बाबांना काही बोलले नाही.

त्याला कारण होतं. बारावीत असताना एकदा पाहुण्यांसमोर बाबा सांगत होते की टायरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरला की गाडीत फरक पडतो. मी मध्येच म्हणाले, "बाबा, साध्या हवेतही बहुतेक नायट्रोजनच असतो." मी फक्त पुस्तकातलं सांगत होते. पण पाहुणे मोठ्याने हसले, एक जण म्हणाला, "वा, म्हणजे तुमचा धंदा हवेवरच!" बाबाही हसले. त्यानंतर मात्र कुणी काही विचारलं की ते म्हणायचे, "तिला विचारा, ती इंजिनीअर." म्हणायचे प्रेमानेच, पण माझ्याकडे न बघता. ते मला पुन्हा नको होतं.

ताईला परस्पर मेसेज करावा असंही मनात आलं. लिहिलाही होता. पण बाबांच्या पाठीमागे त्यांचा शब्द खोडायचा, हे पाहुण्यांसमोर बोलण्यापेक्षाही वाईट वाटलं आणि मी तो पुसून टाकला.

गुरुवारी कॉलेज लवकर सुटलं. आईने मला बाबांचा डबा घेऊन दुकानात पाठवलं. बाबा आत गिऱ्हाइकाशी बोलत होते. बाहेर पेशावरकडचे एक म्हातारे फिटर चहा पीत बसले होते. त्यांना मी लहानपणापासून चाचा म्हणते.

"बेटी, तुम्हारे अब्बा को क्या हुआ है?" त्यांनी विचारलं. "तीन दिन से सबको पकड़-पकड़ के बरफ का पूछ रहा है. मुझको बोला, चाचा, तुम्हारे उधर बरफ में कौन सा टायर डालते हैं? मैं बोला, हबीबी, हम तो चेन बाँध के अल्लाह का नाम लेते हैं."

मी डबा हातात घेऊन उभीच राहिले. फोनवर डोळे झाकून सांगणारे बाबा तीन दिवस झोपेतही तोच विचार करत होते तर. मला वाटत होतं की न बोलणारी घरात मी एकटीच.

दुकानाच्या बाजूला एक पांढरी गाडी जॅकवर होती. अशा जुन्या गाड्या कॅनडा-अमेरिकेतून कंटेनरने शारजात येतात, इथे दुरुस्त होतात आणि पुढे विकल्या जातात. त्यांचे टायर काढणं हे बाबांच्या दुकानाचं नेहमीचं काम. काढलेले चार टायर भिंतीला रचून ठेवले होते. मी खाली वाकले. सगळ्यात वरच्या टायरवर, धुळीखाली, तो तीन शिखरांचा डोंगर होता.

"ते भंगार आहे, हात लावू नकोस," बाबा मागून म्हणाले. "कॅनडाच्या गाड्यांचे टायर असेच. लोण्यासारखे. इथल्या एका उन्हाळ्यात संपतात. किती वर्षं फेकतोय मी."

आता बोलायलाच हवं होतं. मी टायरकडेच बघत म्हणाले, "बाबा, लोणी फ्रीजमध्ये ठेवलं तर?"

ते माझ्या शेजारी येऊन उकिडवे बसले.

"म्हणजे, मला नक्की माहीत नाही. वाचलंय थोडं. पण आपण करून बघूया का? याचा एक तुकडा आणि आपल्या ए वाल्या टायरचा एक तुकडा. रात्रभर कडक थंडीत ठेवायचे. मग तुम्ही नख लावून सांगा."

बाबांनी अंगठ्याने त्या डोंगरावरची धूळ पुसली. मग चाचांकडून सुरी मागून घेतली.

आमच्या मागच्या गल्लीत एका काकूंचा गोठवलेल्या मोदकांचा आणि पुरणपोळ्यांचा धंदा आहे. त्यांच्याकडे माणूस उभा राहील एवढी फ्रीझरची खोली आहे, उणे अठरावर चालणारी. संध्याकाळी आम्ही दोघं दोन पिशव्या घेऊन त्यांच्या दारात उभे राहिलो.

"टायर?" काकू म्हणाल्या. "माझ्या उकडीच्या मोदकांशेजारी टायर?"

"प्रत्येक तुकडा एकात एक तीन पिशव्यांत बांधलाय, वहिनी," बाबा म्हणाले. "पोरीच्या गाडीचा प्रश्न आहे."

"अहो, मग आधी सांगायचं ना! द्या इकडे. पण सकाळी सातच्या आत न्या. म्युनिसिपाल्टीवाल्यांना काय सांगू, टायरचं सारण आहे म्हणून?"

शुक्रवारी बाबांना सुट्टी असते. तरी ते साडेसहालाच तयार होते. काकूंनी फ्रीझरचं दार उघडलं, आम्ही पिशव्या बाहेर काढल्या आणि तिथेच पायरीवर बसलो. उशीर केला तर रबर पुन्हा मऊ होईल, ही मला धास्ती.

बाबांनी आधी ए वाला तुकडा घेतला. नख लावलं. ते आत गेलं नाही. त्यांनी तुकडा पायरीवर आपटला, तर टक असा आवाज आला. वाकवायला गेले तर तो त्यांच्या हातात ताठ राहिला. मग त्यांनी दुसरा घेतला, कॅनडाचा, जो ते इतकी वर्षं फेकत आले होते. तोही बर्फासारखा गार होता. पण नख रुतलं. बोट काढल्यावर त्याची चंद्रकोर तशीच दिसत होती. बाबांनी तो वाकवला आणि तो वाकला.

प्रयोग म्हणून हे फार कच्चं होतं, मला कळतं. दोन्ही तुकडे वापरलेले, एक जुना, एक त्याहून जुना, मोजायला काही साधन नाही. सरांना दाखवलं असतं तर त्यांनी दहा चुका काढल्या असत्या. पण बाबांचा अंगठा हे एकवीस वर्षांचं साधन होतं, आणि ते मी पहिल्यांदाच इतक्या जवळून वापरताना बघत होते.

"म्हणजे रस्त्याला धरायला हा मऊ लागतो," बाबा हळू म्हणाले. "आणि आपला तिथे लाकूड होतो."

"तसंच वाटतंय."

"आणि पोरगी लाकडावर गाडी चालवतेय."

मी म्हणाले, "बाबा, मला हे बुधवारीच कळलं होतं थोडंसं. सांगायला घाबरले."

ते थोडा वेळ तुकडा उलटसुलट करत राहिले. "मी मंगळवारपासून घाबरलोय," ते म्हणाले. "शंका आली होती. पण एकदा सांगितल्यावर परत कसं घ्यायचं?" मग माझ्याकडे बघून, अगदी सरळ बघून, त्यांनी विचारलं, "तो क्यू काय प्रकार आहे? तेवढा वेग पुरतो का तिला?"

"ताशी एकशे साठ किलोमीटर."

"बर्फात?" बाबा पहिल्यांदा हसले. "बर्फात एकशे साठने कोण जातंय! चल, फोन लाव तिला."

तिकडे तेव्हा आदली रात्र होती. ताई जागीच होती. बाबांनी कसलीही प्रस्तावना केली नाही. "अगं, मी तुला चुकीचं सांगितलं. दुसरा घे. डोंगराचं चित्र आहे ना, तो. चारही बदल. दोनच बदलू नकोस."

"तुम्ही तर म्हणालात फसवतायत."

"मला तिथली थंडी माहीत नव्हती."

"मग आता कशी कळली?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता म्हणतील, तिला विचार, ती इंजिनीअर. ते म्हणाले, "आम्ही दोघांनी मोदकांच्या फ्रीझरमध्ये बघितली." आणि ताईला त्यातलं काहीही कळायच्या आत पुढे सांगू लागले, की शनिवारी दुकानात बसवण्याआधी टायर थंडीत उघड्यावर ठेवायला सांग, स्वतः नख लावून बघ. आणि नवा टायर म्हणजे जादू नाही. आधी रिकाम्या पार्किंगमध्ये जा, हळू चालव, ब्रेक दाबून बघ, किती लांब जाते ते मोज. मग रस्त्यावर. पुढच्या गाडीपासून लांब राहा. हे शेवटचं त्यांनी तीनदा सांगितलं.

शनिवारी बाबांनी दुकानात डबा उघडलाच नाही म्हणे. चाचा नंतर मला सांगत होते. रात्री जेवताना फोन त्यांच्या ताटाशेजारी होता. तो वाजला तेव्हा त्यांनी उचलला आणि हात भाताने माखलेला असल्यामुळे स्पीकर मी लावला.

"बाबा, बसवले. तो दुकानवाला हसत होता माझ्यावर, मी थंडीत हातमोजा काढून नख लावत होते म्हणून."

"नख काय म्हणालं?"

"गेलं आत."

"मग पार्किंगमध्ये?"

"गेले ना. बर्फ होता सगळीकडे. पोरीला शेजारणीकडे ठेवलं आणि एकटीच गेले. दहा वेळा ब्रेक मारला."

बाबांचा घास हातातच होता. आईसुद्धा वाढायची थांबली.

"आणि?"

"सरकते थोडी अजून. पण थांबते, बाबा. दहाही वेळा थांबली."

"सोमवारी पोरीला गाडीने नेशील?"

ताई म्हणाली, "नेईन. हळू नेईन."

बाबांनी तो घास खाल्ला.