पुंडलिकरावांचा सत्कार

पुंडलिक गावंडे हे नाव मी ऐकून होते, पण माणूस पहिल्यांदा लक्षात आला तो आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरातल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या महाप्रसादाला. पंगती उठल्या होत्या. हॉलच्या मागच्या अंगणात उष्ट्या पत्रावळींचा ढीग पडला होता आणि इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यातला एक गृहस्थ बाह्या सारून त्यात वाकला होता. मला वाटलं, अंगठी वगैरे पडली असेल. जवळ जाऊन विचारलं, "काही हरवलं का हो तुमचं?"

"नाही हो बाई," तो मान वर न करता म्हणाला. "हे प्लास्टिकचे चमचे वेचून राहिलो. खताले चालत नाहीत. पोट्टे काहून पत्रावळीत आइस्क्रीमचे कप कोंबतात, काही समजत नाही."

वाढपातला कोणीतरी ओरडला, "पुंडलिकराव, आधी जेवून घ्या. कचरा कुठे पळून नाही चालला."

"जेवलो न. माझ्या पानात काही उरलं नाही. तुमच्या पानात दोन जिलब्या सापडल्या."

सगळे हसले, तोही हसला आणि पुन्हा वाकला. ढीग टेम्पोत चढवून झाल्यावरच त्याने हात धुतले, कोपरापर्यंत, साबण लावून, लग्नाला निघाल्यासारखे.

पुढे ओळख वाढली ती माझ्या गच्चीवरच्या कुंड्यांमुळे. मी शाळेतून निवृत्त झाले होते, दीक्षितपुऱ्यातल्या घरी एकटीच असते, आणि खत पुंडलिकरावांकडूनच आणायचे. त्यांचे वडील वर्ध्याकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आलेले. मुलाला कारखान्यात जागा मिळाली नाही, म्हणून त्याने टेम्पो घेतला. जवळच्या पनागरहून भाजी भरून शहरात आणायची आणि रिकामं परत जायचं. हे रिकामं जाणं त्यांना सोसेना. बाजारात कोबीची पानं, मुळ्याचा पाला, सडके टमाटे ढिगाने पडत. ते भरून नेऊ लागले. वाटेवर गोहलपुरात कारखान्यांच्या शेडांमागे एक खोलगट पडीक तुकडा होता, सरकारी. तेव्हाच्या कोणा साहेबाने तोंडी हो म्हटलं आणि पुंडलिकरावांनी तिथे पाला, शेण आणि मातीचे लांब ढीग लावायला सुरुवात केली. खत पनागरच्या भाजी पिकवणाऱ्यांना जायचं. भाजीच्याच टेम्पोतून.

मी गेले की ते मला प्लास्टिकची खुर्ची पुसून देत. चार बाया तिथे कामाला होत्या. त्यांत शर्मिला सर्वांत जुनी, विधवा, तोंडाने फटकळ. ढीग दर आठवड्याला उलटायचा, आतलं बाहेर आणि बाहेरचं आत. पुंडलिकराव ढिगात हात घालून बघत, मग वास घेत. शर्मिला म्हणायची, "भैया ऐसे सूंघते हैं जैसे बहू की दाल हो." ते शांतपणे सांगत, "दाल बिघडली तर एक दिवस उपास. हे बिघडलं तर मोहल्ला उठेल." आणि खरंच तिथे घाण वास कधी आला नाही. पहिल्या पावसानंतरच्या शेतासारखा येई, थोडा आंबूस. निदान मला तरी तो कधी घाण वाटला नाही.

पण शहर वाढत होतं. पडीक तुकड्याच्या दोन बाजूंना इमारती उभ्या राहिल्या. वरच्या मजल्यांवरून ढीग दिसायला लागले, आणि जे दिसतं त्याचा वासही यायला लागतो. तक्रारी गेल्या. मग महापालिकेच्या ऑफिसातून निरोप आला की शहरासाठी कचऱ्याची नवी योजना होते आहे. योजनेत ज्या जागा बसतील त्यांना पक्कं छप्पर, पाणी, कागदपत्रं सगळं मिळेल. ज्या बसणार नाहीत त्या मोकळ्या करून घेतल्या जातील.

योजना तयार करणाऱ्या कंपनीत योगेंद्र ठवकर होता. माझाच विद्यार्थी, हुशार, मनाने चांगला. लहानपणी पुंडलिकरावांच्या टेम्पोत बसून शाळेत आलेला. तो त्यांच्या घरी गेला आणि तिथे जे बोलणं झालं ते मला त्यांच्या पत्नीने, विनताने, सगळं होऊन गेल्यावर सांगितलं. तिने सांगितलं तसंच लिहिते.

योगेंद्र म्हणाला, "काका, ओला कचरा डोंगरासारखा साचला की आत हवा जात नाही. तो सडतो, गॅस सुटतो, आणि त्या गॅसने पृथ्वी तापते. तुम्ही ढीग उलटता म्हणून तो सुटत नाही. आता जो गॅस सुटला नाही, त्याचे पैसे शहराला मिळणार. बाहेरच्या देशांतला निधी आहे."

"न सुटलेल्या गॅसचे पैसे?"

"हो."

विनता चहा गाळत होती. ती म्हणाली, "न केलेल्या स्वयंपाकाचे पण देतील का विचार बाप्पा."

योगेंद्र हसला नाही. "एक अट आहे, काका. जे काम या पैशाशिवाय झालंच नसतं, त्याचेच ते देतात. जे आधीपासून चालू आहे ते मोजत नाहीत. ते तर तसंही झालंच असतं ना."

"म्हणजे ज्यानं कालपर्यंत घाण केली त्याले सुधरायचे पैसे," विनता म्हणाली, "आणि हे येडे."

"काकू, नियम तसा चुकीचा नाही. नाहीतर जो तो जुनंच काम दाखवून पैसे नेईल." मग तो पुंडलिकरावांकडे वळला. "दिल्लीहून निधीवाल्यांच्या मॅडम येऊन राहिल्या, जागा बघायला. तुमच्या ढिगांची कुठेच काही नोंद नाही. त्यांनी विचारलं तर म्हणा, योजनेचं ऐकून वर्षभरापूर्वी सुरू केलं. निदान जुनं काढू नका. बाकी मी पाहतो."

पुंडलिकरावांनी कपातला चहा बशीत ओतला. "शर्मिला अन् त्या तिघी," ते म्हणाले, "त्यांना आता या वयात कोण ठेवते?" आणि मग, "चलो, ठीक आहे. गप्प बसतो. गप्प बसणं मले जमते."

जमलंही असतं. दिल्लीच्या यामिनी मॅडम जागेवर आल्या, ढीग पाहिले, फोटो काढले, आणि बरोबरच्या योगेंद्रने बहुतेक उत्तरं दिली. त्यांना काम आवडलं, हे शर्मिलालासुद्धा समजलं. "मैडम ने हाथ में खाद ली और रूमाल नहीं निकाला," ती मला म्हणाली.

मध्ये आलो ते आम्ही. आम्ही म्हणजे मंडळ.

आमच्या मंडळाचे सचिव श्यामसुंदरराव पिंगळे. त्यांचं घराणं इथे मराठ्यांच्या कारभारापासून आहे, आणि गावातल्या कुठल्याही मराठी माणसाचं कौतुक राहून गेलेलं त्यांना चालत नाही. दहावीला चांगले गुण, नातू झाला, पेन्शन लागली, प्रत्येकाला शाल-श्रीफळ. दिल्लीहून बाई आपल्या पुंडलिकाचं काम बघायला आल्या हे त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी त्याच आठवड्यातला रविवार धरला. पुंडलिकरावांचा सत्कार, बाईंच्या हस्ते. बाईंना आमंत्रण द्यायला ते स्वतः हॉटेलवर गेले.

पुंडलिकराव त्यांच्या घरी गेले. "नको हो," म्हणाले. "मले लाज वाटते."

"वाटणारच," श्यामसुंदरराव म्हणाले. "खरं काम करणाऱ्याला वाटतेच."

"सत्कारासारखं काही केलं नाही मी."

"हेच, हेच मी रविवारी सांगणार आहे."

पुंडलिकराव दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पुढच्या महिन्यात ठेवा म्हणाले. आपल्यात सत्कार घेणारा माणूस नकोच म्हणतो. नको न म्हणणारा उलट डोळ्यांत खुपतो. त्यामुळे पुंडलिकराव जितकं नको म्हणत गेले तितका सत्कार मोठा होत गेला. आधी चहा होता, मग साबुदाणावडे झाले, मग मुलींचं स्वागतगीत ठरलं. खरं कारण सांगायचं तर आधी लबाडी सांगावी लागली असती, आणि ती श्यामसुंदररावांच्या दिवाणखान्यात, त्यांच्या वडिलांच्या तसबिरीखाली बसून सांगणं पुंडलिकरावांना जमलं नाही. गप्प बसणं तेवढं जमलं.

रविवारी हॉल भरला होता. मी विनताशेजारी बसले होते. तिने ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती आणि रुमालाची गाठ बांधत होती, सोडत होती. मला वाटलं, आनंदाने घाबरली असेल.

पुंडलिकराव स्टेजवर हात मांडीवर ठेवून बसले होते. श्यामसुंदरराव बोलायला उभे राहिले. आमच्याकडे सत्काराच्या भाषणात माणसाचा सगळा इतिहास सांगतात, आणि श्यामसुंदररावांची स्मरणशक्ती उत्तम आहे. ज्या वर्षी या हॉलवर नवे पत्रे पडले त्या वर्षी पुंडलिकने पहिला ढीग लावला, ते म्हणाले. तेव्हा आम्ही त्याला हसलो. पुढे मंडळाच्या प्रत्येक पंगतीच्या पत्रावळी त्याने नेल्या. एका वर्षी तापात होता तरी आला. कोणाची मदत नाही, कोणाचा पैसा नाही. "एक पैसाही नाही," त्यांनी पुन्हा म्हटलं आणि टाळ्या पडल्या.

मग त्यांच्या लक्षात आलं की पाहुण्यांना मराठी येत नाही. सौजन्याने ते बाईंकडे वळले आणि ते सगळं, वर्षांसकट, हळूहळू शुद्ध हिंदीत पुन्हा सांगितलं.

योगेंद्र भिंतीला टेकून उभा होता. तो बाहेर निघून गेला.

शाल घातली गेली, नारळ दिला गेला. यामिनी मॅडमनी हसून हात जोडले, पण त्यांचा चेहरा बदललेला होता. चहाच्या वेळी त्या पुंडलिकरावांजवळ आल्या. आम्ही पाच-सहा जणं तिथेच होतो, हातात वड्यांच्या बशा. त्या अगदी हळू म्हणाल्या, "भैया, सेक्रेटरी साहब ने जो कहा... इतने साल से?"

त्यांनी प्रश्न असा विचारला होता की त्यातून बाहेर पडायला वाट होती. सचिव वाढवून बोलतात, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मला हे आता कळतं. पुंडलिकरावांनी आमच्याकडे पाहिलं. तिथे श्यामसुंदरराव होते, मी होते, महाप्रसाद वाढणारी मंडळी होती. प्रत्येकाने त्यांना उष्ट्या पत्रावळींत वाकलेलं पाहिलं होतं.

"जी," ते म्हणाले. "सच है."

विनताने बशी खाली ठेवली.

बाईंनी त्यांच्या खांद्यावरच्या शालीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "काश आपने कल शुरू किया होता." त्यांनी हे थट्टेने म्हटलं नाही. निघताना त्या विनताचे दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या, आणि आम्हाला वाटलं, किती साधी बाई.

योजना मंजूर झाली. शहरात तीन ठिकाणी नव्या शेड उभ्या राहिल्या, जिथे आधी काही नव्हतं तिथे. चांगल्या आहेत. मी एक पाहून आले. ढीग उलटायला यंत्र आहे, त्यामुळे बाया लागत नाहीत. गोहलपूरची जागा यादीत नव्हती.

श्यामसुंदररावांना कळलं तेव्हा ते काठी टेकत पुंडलिकरावांकडे गेले. "मला एक शब्द सांगायचा होतास रे," ते म्हणाले.

"काय सांगू, दादा? माझं कौतुक करू नका, मी खोटं बोलून राहिलो, हे?"

श्यामसुंदरराव तिथे तासभर बसले. त्यानंतरही मंडळात सत्कार होतात, पण भाषण दुसरं कोणीतरी करतं.

जागा मोकळी करायला गाड्या आल्या तेव्हा दोन ढीग अजून तयार व्हायचे होते. पुंडलिकरावांनी थोडे दिवस मागितले, पण गाड्यांचा त्या दिवसाचा हुकूम होता. कच्चे ढीग भरून शहराबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगरावर नेले. शर्मिला सांगते, ते आपला टेम्पो घेऊन मागोमाग गेले. गाडीने ढीग ओतला, वरून दुसऱ्या गाडीने प्लास्टिक आणि राडारोडा ओतला, कचरा दाबणारं यंत्र त्यावरून फिरलं. पुंडलिकराव टेम्पोतून खाली उतरलेच नाहीत. काच वर करून बघत बसले आणि परत आले.

मी त्यांना भेटायला गेले. शाळेत इतकी वर्षं मुलांना सांगितलं की चांगलं काम कोणी बघत नसलं तरी करावं. तेच वाक्य तोंडाशी आलं आणि मी ते गिळलं. त्यांनीच विषय काढला.

"नियम बरोबर आहे, बाई. मी त्या मॅडमच्या जागी असतो तर असंच केलं असतं. मी तर तसंही करतच होतो न."

"आता नाही करत," विनता आतून म्हणाली.

"आता नाही करत," ते म्हणाले.

खताचं शेवटचं पोतं त्यांनी स्वतः रिक्षात चढवून दिलं नाही; ओट्यावर बसूनच शेजारच्याला हाक मारली. पाठ दुखते म्हणाले. त्यांना पाठदुखी असल्याचं मी याआधी ऐकलं नव्हतं.

चार बायांपैकी दोघी एका लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासतात. एक मुलाकडे कटनीला गेली. शर्मिला कुठेच लागली नाही, वय जास्त आहे म्हणतात. गोहलपूरच्या त्या तुकड्यावर आता गाड्या उभ्या राहतात. पुंडलिकराव मंडळाच्या गणपतीला आले होते, जेवले आणि घरी गेले. योगेंद्रची बदली इंदूरला झाली. तिथेही अशीच योजना आहे. दिवाळीला तो माझ्या पाया पडायला आला होता, त्यांच्याकडे गेला नाही.

टेम्पो विकला. पुंडलिकराव सकाळच्या बसने पनागरला जातात आणि विनताच्या भावाच्या मोटारपंपांच्या दुकानात बसतात. बुधवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी ते घरीच असतात.