मोटारीतून आलेली ओटी

मी स्वतः सायकल चालवायला लागण्याआधी नाशकात बाईमाणसाला सायकलवर एकदाच पाहिलं होतं, आणि ती बाई देवळाली कॅम्पातली मडम होती. तिला पाहायला रस्त्यात माणसं थांबली होती. मीही थांबले होते. हिचा तोल राहतो कसा, एवढा एकच प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात होता. पुढे मी स्वतः चालवायला शिकले तरी त्याचं उत्तर काही मला मिळालं नाही. राहतो खरा.

माझे यजमान हायस्कुलात ड्रॉइंग शिकवत. मला पंचवटीच्या पुढे, आडगावच्या रस्त्याला, मुलींच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा रोजची पायपीट हीच मोठी अडचण होती. टांगा मिळाला तर मिळाला, नाही तर टांगेवाल्याची मर्जी. मग ह्यांनी एका पारशी कुटुंबाकडून जुनी लेडीज सायकल विकत आणली आणि गंगेपलीकडच्या, म्हणजे आमच्या गोदावरीपलीकडच्या, मोकळ्या मैदानात मला शिकवली. सासूबाई बरोबर यायच्या आणि मैदानाकडे पाठ करून बसायच्या. आपण पाहिलं नाही म्हणजे कुणी विचारलं तर खोटं बोलावं लागणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

शाळा कमिटीच्या अध्यक्षांनी परवानगी दिली, पण ती तक्रार येईपर्यंतच. तक्रार कुणाची, कसली, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी आपली काळजी घेत होते. नऊवारीचा काष्टा घट्ट, पदर खांद्यावरून घेऊन कमरेला पक्का खोचलेला. मागच्या चाकावर दोन्ही बाजूंनी दोऱ्यांची जाळी होती. मडमांचे झगे चाकात जाऊ नयेत म्हणून ती लावतात, तीच माझ्या लुगड्याच्या कामी आली. रस्त्याची डावी कड मी कधी सोडली नाही. आणि घंटी तर मी इतकी वाजवायची की गंगेच्या पुलावरच्या गाईसुद्धा कंटाळून बाजूला व्हायच्या.

तरी व्हायचं ते झालंच. थंडीचे दिवस होते, सकाळची शाळा होती. पूल उतरून मी वळणाला लागले तोच मागून मोटारीचा आवाज आला. मी आणखी कडेला घेतली. मोटार पुढे निघून जाईल म्हणून वाट पाहिली, तर ती जाईना. आवाज अगदी उजव्या खांद्याशी आला आणि तसाच तिथे रेंगाळला. ही पुढे का जात नाही, हे मनात येतंय तोवर मोटारीची पायरी माझ्या पेडलला लागली आणि मी रस्त्यावर पडले.

डोळे उघडले तेव्हा एका अनोळखी बाईने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिच्या हातातल्या पाटल्या माझ्या कपाळाला गार लागत होत्या. समोर खाकी कोटातला ड्रायव्हर टोपी हातात धरून उभा होता आणि जमलेल्या लोकांना सांगत होता, "माझ्याच हातून झालं." मोटारीचे मालक, शहरातले एक कंत्राटदार, त्याच्यामागे उभे होते. त्यांनीच मला त्या मोटारीतून सरकारी दवाखान्यात नेलं. नडगीचं हाड मोडलं होतं.

प्लॅस्टर घालून घरी येऊन पडले, आणि थोड्याच दिवसांत ती बाई आमच्या दारात हजर झाली. ती कंत्राटदारांची बायको होती. माझ्याहून फार मोठी नसेल. पाय कसा आहे हे तिने विचारलं, पण उत्तर संपायच्या आतच तिची नजर कोपऱ्यातल्या वाकड्या सायकलीवर गेली. मग तिचे प्रश्न सुरू झाले. चढताना आधी कुठला पाय? थांबायचं झालं तर उतरावंच लागतं का? काष्टा सुटत नाही? लोक काय म्हणतात? खाली पाहिलं की पडतं माणूस, हे खरं का? मी खाटेवर, पाय उशीवर, आणि तरी मला मजा वाटायला लागली. एवढ्या आस्थेने माझ्या सायकलीची चौकशी तोवर कुणीच केली नव्हती. तिने उठून जाळीच्या दोऱ्यांवरून बोट फिरवलं. घंटीलाही हात लावला, पण वाजवली नाही.

निघताना तिने मोटारीतून पिशवी मागवली आणि माझी ओटी भरायला पुढे झाली. तांदूळ, नारळ, हिरवा खण. मी सासूबाईंकडे पाहिलं. सवाष्ण आपणहून ओटी भरते तर नको म्हणायचं नसतं, असं त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं. मी पदर पसरला. त्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कशाचं, हे मला तेव्हा कळलं नाही.

चार-आठ दिवसांनी शाळा कमिटीचा निरोप आला. कंत्राटदार अध्यक्षांना भेटले होते. बाईंचा पदर मागच्या चाकात गेला, त्या डगमगल्या आणि आपणच मोटारीवर आल्या, असं त्यांचं म्हणणं. चूक पदराची असेल तर इथून पुढे शाळेत कुठल्याही बाईने सायकलवर यायचं नाही, असं अध्यक्षांनी कळवलं होतं. माझ्या अंगाची नुसती लाहीलाही झाली. पाय मोडला तो मोडलाच, वर पदराला नावं. आणि सायकल गेली की नोकरीही गेली, कारण त्या पायाने रोज तेवढं चालणं माझ्याकडून होणार नव्हतं. फिर्याद करायची, मी ह्यांना म्हटलं. ह्यांनी ब्रश खाली ठेवला आणि वकिलांना आणायला गेले.

हे वकील आमच्याच आळीत राहायचे. वकिली फार चालायची नाही, पण माणूस कमालीचा चौकस. मोटारीच्या पायरीची उंची, सायकलच्या पेडलची उंची, सगळं त्यांनी दोरी लावून पाहिलं. लुगड्याच्या बाबतीत मात्र बिचाऱ्यांचं ज्ञान अगदीच बेताचं. काष्टा नक्की काय धरून ठेवतो आणि पदराला मोकळं असं किती राहतं, हे त्यांना समजेना. शेवटी सासूबाईंनी बैठकीतला लोड उभा केला आणि त्याला लुगडं नेसवून दाखवलं. वकीलसाहेब त्या लोडाभोवती दोनदा फिरले, वाकून मागून पाहिलं आणि समाधानाने खाली बसले. मग सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, की अपघातानंतर त्या घरातलं कुणी इकडे आलं होतं का.

मी ओटीचं सांगितलं. त्यांची लेखणी थांबली.

"नारळाचं काय केलंत?" त्यांनी विचारलं.

सासूबाई म्हणाल्या, नारळाचं काय करतात, भाजीत घातला.

ते हसले. अशा खटल्यात कोर्टाच्या परवानगीने तडजोड होऊ शकते, त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. आता समोरचा वकील म्हणणार, की घरी येऊन मानाने ओटी भरली, बाईंनी ती घेतली, नारळ खाल्ला, म्हणजे प्रकरण घरातल्या घरात मिटलं. आता ही फिर्याद मागाहून सुचलेली. सासूबाई चिडल्या. ओटी नाकारायची कशी असते ते आधी कोर्टाने मला शिकवावं, म्हणाल्या. वकिलांनी तेवढ्यावरून त्यांना आणखी बरंच विचारलं. ओटी कोण कुणाची भरतं, का भरतं, परत करता येते का, भरणारीवर काही बंधन असतं का. शेवटच्या प्रश्नावर सासूबाई विचारात पडल्या. भरणारीने घेणारीचं वाईट चिंतायचं नसतं, एवढंच त्या म्हणाल्या. वकिलांनी तेही लिहून घेतलं. कशाला, ते त्यांनाही माहीत नसावं.

फिर्याद ड्रायव्हरवर होती, कारण आपल्या हातून झालं असं तोच म्हणत होता. तारखेच्या दिवशी मी काठी टेकत कोर्टात गेले. जाळी मॅजिस्ट्रेटना दाखवता यावी म्हणून हे दुरुस्त केलेली सायकल हाताने ढकलत घेऊन आले. कोर्टात जायचं म्हणून सासूबाईंनी मला नवी चोळी काढून दिली होती. ती त्याच हिरव्या खणाची होती, हे माझ्या अर्ध्या वाटेत लक्षात आलं. आता काय करायचं? अंगावरून शाल ओढून घेतली.

समोरच्या वकिलांनी मला ओटीचंच विचारलं. भरली? भरली. घेतली? घेतली. नारळ? खाल्ला. कोर्टात खसखस पिकली. मग त्यांनी साक्षीला कंत्राटदारांच्या बायकोला बोलावलं. ओटी तडजोडीची होती एवढंच तिच्या तोंडून यायचं होतं. कंत्राटदार निवांत बसले होते. बायको आपल्या शब्दाबाहेर जाईल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

ती उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी शाल खाली घेतली. तिची नजर चोळीवर थांबली.

ओटी का भरली, असं तिला विचारण्यात आलं. ह्या वाचल्या म्हणून भरली, ती म्हणाली. तडजोड म्हणून नव्हे? नव्हे. वकील जरा गडबडले. त्यांनी लगेच बाजू बदलून विचारलं, की म्हणजे ड्रायव्हरची काही चूक होती म्हणूनही नाही ना?

"ड्रायव्हरची चूक नव्हतीच," ती म्हणाली. "गाडी तो चालवत नव्हता. आमच्या घरचेच चालवत होते. नव्याने शिकलेत."

कंत्राटदार उठून उभे राहिले. मॅजिस्ट्रेटनी त्यांना हाताने खाली बसवलं. मग त्यांनी स्वतःच तिला विचारलं, की गाडी इतक्या जवळ कशी आली.

"मीच म्हटलं, जवळ घ्या. बाई सायकल कशी चालवते ते मला बघायचं होतं. ते पुढे नेत होते, तर म्हटलं थांबा, अजून थोडं बघू दे."

"आणि पदर? पदर चाकात गेला?"

"पदर खोचलेला होता. मी तेच तर बघत होते."

हे सगळं आज का सांगता, मॅजिस्ट्रेटनी विचारलं. ती खाली मान घालून म्हणाली, "माझ्या ओटीतला खण त्यांच्या अंगावर आहे. त्यांच्यापुढे उभं राहून दुसरं काही बोलायला मला जमेना."

ड्रायव्हर सुटला, कंत्राटदारांवर समन्स निघालं, पुढची तारीख पडली. आमचे वकील दोरी, मापं आणि लोडाचं सगळं ज्ञान घेऊन तसेच बसून राहिले होते. त्यांना एक अक्षरही बोलावं लागलं नव्हतं.

बाहेर आलो तर मोटार सुरू झालेली होती. कंत्राटदार आत बसले आणि मोटार आवाराबाहेर निघून गेली. त्यांची बायको कोर्टाच्या पायरीवर उभी होती. अंगावर जरीकाठी लुगडं, गळ्यात दागिने, आणि घरी जायला वाहन नाही. मला तिचे पाय धरून रडावंसं वाटलं आणि तिच्या नवऱ्याचा असा संतापही आला की काठी उगारावी. टांगा बोलावू का, मी विचारलं. तिने नको म्हणून मान हलवली.

"सायकल मी धरू का जरा?"

ह्यांनी हॅन्डल तिच्या हातात दिलं. तिथून तिच्या बंगल्यापर्यंत, सबंध रस्ताभर, ती माझी सायकल ढकलत चालली. मी काठी टेकत शेजारून, आणि हे दोन पावलं मागून. लोक बघत होते. पुलावर तिने अंगठा घंटीवर ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मग वाजवली. पुढे मग ती वाजवतच गेली, वाटेत कुणी असो नसो. फाटकाशी तिने सायकल माझ्या हाती दिली, हात पदराला पुसले आणि आत गेली. दार लागल्याचा आवाज मी ऐकला. त्या रात्री मला झोप लागली नाही. आपली सायकल राहिली, पण तिचं काय झालं असेल, हेच डोक्यात.

पुढच्या तारखेला कंत्राटदारांनी चूक कबूल केली, दंड भरला आणि प्रकरण संपलं. कमिटीने पदराचा विषय पुन्हा काढला नाही. पाय सुधारला तशी मी सायकलवर बसू लागले. मागून मोटारीचा आवाज आला की सुरुवातीला मी उतरून उभी राहायची. मग हळूहळू ते गेलं.

तिचा बंगला माझ्या वाटेवरच होता. कुंपणाची भिंत चांगली उंच, वरून आंब्याची डहाळी तेवढी दिसायची. ती मला त्यानंतर कुठेच भेटली नाही, ना देवळात, ना हळदीकुंकवाला. तिला बाहेर पाठवत नाहीत, असं कानावर आलं. आत जाऊन विचारण्याची सोय नव्हती, म्हणून मी रोज सकाळी त्या भिंतीशी आले की घंटी वाजवायची. मी आहे, सायकल आहे, एवढं तिला कळावं. सगळा उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आतून काही आलं नाही. मी वाजवत राहिले.

मग एक दिवस मी वाजवून पुढे निघाले आणि भिंतीच्या आतून घंटी वाजली. सायकलचीच घंटी, माझ्याच घंटीसारखी, दोनदा. मी उतरले. भिंत उंच होती, काही दिसत नव्हतं. पुन्हा वाजवली, आतून पुन्हा उत्तर आलं, या खेपेला जरा लांबून, बंगल्याच्या मागच्या अंगाने.

पुढे माझी बदली होईपर्यंत हे रोज चाललं. आत सायकल होती की ती नुसती घंटी हातात घेऊन अंगणात फिरत होती, ते मला अजून माहीत नाही.