मिशीबाई आणि टाळूकाका

संग्रहालयाच्या तळघरात, जिथे मासे स्पिरिटच्या बरण्यांत बुडवून ठेवलेले असत, तिथल्या बाईंना सगळे पाठीमागे मिशीबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. गोड्या पाण्यातल्या मिशाळ माशांची वर्गवारी लावणं हे त्यांचं काम. अंगावर खवले नाहीत, तोंडाभोवती मिशा, पाठीवरच्या नि छातीच्या परांत, म्हणजे पोहायच्या पंखांत, टोचणारा काटा आणि शेपटीअलीकडे चरबीचा मऊ पर, एवढं जुळलं की मासा त्यांच्या कपाटातला. पण या गोतावळ्यात सख्खा कोण नि चुलत कोण, हे लावता लावता बाईंचे केस पांढरे झाले.

समोरच्या टेबलावर टाळूकाका बसत. ते माशाचा जबडा उघडून आधी टाळूवरचे दात बघत, म्हणून हे नाव.

एकदा डोंगरातल्या ओढ्यातून काही मासे आले. बाईंनी ते साहेबांच्या बैठकीतच मांडले.

"हा मासा वेगळा आहे. मिशी पार शेपटीपर्यंत जाते. आणि चरबीचा पर पाठीवरच्या पराला भिडत नाही, मध्ये फट आहे."

"स्पिरिटमध्ये माणूससुद्धा आखडेल, बाई," टाळूकाका म्हणाले. "मासा जुनाच आहे."

"आखडली तर मिशी आखूड होईल, सर. लांब कशी होईल?"

"तुम्हाला प्रत्येक बरणीत नवा मासा दिसतो."

बैठकीत हशा पिकला. काकाही हसले. त्या दिवसापासून दोघांतलं बोलणं तुटलं. चिमटा हवा असला तरी बाई उठून स्वतः घ्यायच्या. घरी तर बोलायला भिंतीच होत्या. काका निवृत्त झाले, तेव्हा बाईंनी इतरांबरोबर टाळ्या वाजवल्या आणि आपल्या टेबलाशी परतल्या.

पुढे नवीन तपासणी आली. माशाच्या मांसाच्या कणावरून नातं कळू लागलं. बाईंनी त्या माशाचा कण पाठवला आणि उत्तर आलं: मासा वेगळाच. नव्या साहेबांनी "वा, छान" म्हणून टेबलावर वाजणारा फोन उचलला. बहिणीला कळवलं, तर ती म्हणाली, "बरं झालं. जेवलीस का?"

या बातमीचं मोल कळेल असा जगात एकच माणूस होता. रविवारी बाई त्याच्या दारात उभ्या राहिल्या.

काकांच्या सुनेने दार उघडलं. "या ना. बाबा हल्ली फारसं बोलत नाहीत."

काका खिडकीपाशी शाल लपेटून बसले होते. बाईंनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"मला ठाऊक होतं," काका म्हणाले. "तुम्ही रजेवर असताना मी बरणी उघडून बघितली होती. फट होती."

"मग बोलला का नाहीत?"

"सगळ्यांसमोर हसून बसलो होतो. आज बोलू, उद्या बोलू, करत राहिलो."

"इतकी वर्षं समोरासमोर बसलो, सर. मला बोलायला दुसरं कुणी नव्हतं."

"मला तरी कुठे होतं?"

सून चहा ठेवून गेली. चहा निवला. काकांनीच विचारलं, "टाळूवरचे दात बघितलेत?"

"नाही. ते तुमचं काम."

पुढच्या रविवारी बाई एक मासा आणि भिंग घेऊन गेल्या. काकांची नजर अधू झाली होती, पण जबडा उघडताना बोटं अडखळली नाहीत. दातांचा पट्टा अर्धचंद्रासारखा, मधोमध चिंचोळा, असं ते सांगत गेले आणि बाई लिहीत गेल्या. तो रविवार दोघांचा एकत्र कामाचा शेवटचा. महिनाभरात काका गेले.

माशाचं वर्णन दोघांच्या नावांनी छापून आलं. बाईंनी एक प्रत सुनेला पाठवली. तिचा फोन आला.

"आम्हाला त्यातलं काही कळलं नाही हो. पण बाबांच्या फोटोजवळ ठेवलंय."

"चालेल," बाई म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी नदीवरून आलेली नवी बरणी पुढे ओढली, झाकण फिरवलं आणि आतल्या माशाचा जबडा आधी उघडला.