घराचा महिना

चौदा ऑक्टोबरला करखात्याचं पत्र आलं. रक्कम होती चारशे साडेबारा. ती उत्पन्नात का दाखवली नाही, याचा खुलासा तीस दिवसांत हवा होता.

जन्मभर पुस्तकं बांधलेल्या बाइंडरनी चष्मा पुसून पत्र दोनदा वाचलं. बायको गेल्यावर ते लेकीकडे परदेशात आले, त्याला सहा वर्षं होत आली होती. मायदेशातल्या त्यांच्या घरात बायको असल्यापासूनच शिवणकाम करणाऱ्या एक बाई भाड्याने राहत. तिकडचं भाडंही इथे दाखवायचं, हे यंदाच त्यांना कळलं. त्यांनी इमानदारीने अकरा महिन्यांचं भाडं लिहिलं आणि सोबत करारनामा जोडला. करारात बारा महिने होते; फरक एका महिन्याच्या भाड्याचा, तेवढ्याच चारशे साडेबाराचा.

"बाबा, वर्षाचे महिने किती?" लेकीने विचारलं.

"बारा. पण बारावा घराचा."

"म्हणजे?"

"तुझ्या आईचा नियम. त्या महिन्याचं भाडं बाई आपल्याला देत नाहीत, घराच्या डागडुजीला लावतात. हातात न आलेला पैसा मिळकत कसा?"

लेकीने कपाळाला हात लावला. "लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात. तुम्ही ताक लपवून भांडं पुढे केलंत! याचा निकाल लागला नाही, तर ते घर विकायचं. दोन दगडांवर पाय ठेवून किती दिवस उभं राहणार?"

बाइंडरना आठवलं ते त्या घरातलं खिडकीखालचं बाकडं. बायको त्यावर बसून पुस्तकांचे छापील फर्मे शिवायची, ते शेजारी सरस उकळायचे. तिचा दोरा कधी ढिला पडला नाही. भाडेकरू बाई आल्या त्या वर्षी छत गळलं, तेव्हा शिवता शिवता मान वर न करता ती म्हणाली होती, "घर आपल्याला अकरा महिने पोसतं. एक महिना त्यालाही खाऊ दे."

त्यांनी बाईंना फोन लावला.

"बिलं आहेत का हो काही?"

"भाऊ, मी चिंधीसुद्धा टाकत नाही, बिलं टाकीन?"

आठ दिवसांत पाकीट आलं. कौलं, पन्हळ, नळ, बिजागऱ्या. सगळी बिलं कडेने दोरा घालून शिवलेली. बाइंडरनी टाके बोटाने चाचपले. वहीचाच टाका होता. बायकोने शिकवला असणार.

करखात्यातल्या अधिकाऱ्याने एकेक बिल उलटलं. "आजोबा, महिना घराचा असला तरी आधी तुमच्या नावावर येतो, मग खर्चाला जातो. बारा दाखवा आणि दुरुस्ती वजा करा. चारशे साडेबारा बरोबर जुळतात." शेवटच्या बिलावर त्याचं पेन थांबलं. "हे मात्र बसत नाही. बाकड्याची फळी. बाकडं म्हणजे सामान, घर नव्हे."

बाइंडरनी ते बिल टाक्यातून सोडवून खिशात ठेवलं.

परतताना लेकीने ते बिल मागून घेतलं. मागे बाईंनी लिहिलं होतं, 'फळी कुजली होती. घराचा महिना संपला होता, म्हणून पदरचे घातले. वहिनींची जागा आहे, हिशेब धरू नका.'

"आईचं बाकडं अजून तिथेच आहे?"

"खिडकीखालीच."

तिने बिल घडी घालून पर्समध्ये ठेवलं. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी फॉर्म मी भरते. बारा महिने लिहून."

घर विकलं नाही. फळीचे साडेसदतीस बाईंना अजून द्यायचे आहेत.