रबरी हातोडी

कुवेतमधल्या फरवानियात शिकारीच्या सामानाचं एक दुकान आहे. तिथल्या काउंटरवर रत्नागिरीकडचे एक चाचा असतात. मी ज्याच्या घरी कामाला आहे त्या मालकाच्या रायफलीसाठी तेल, पट्टा न्यायला नेहमी जातो, पण त्यांचं नाव कधी विचारलं नाही. रायफलीवरच्या दोन दुर्बिणी निकामी झाल्यावर मालक मला म्हणाला, "तिसरी स्वस्त आण, पण मोडली तर तू गावी जा."

चाचांनी आधी विचारलं, "नळीच्या तोंडाला ब्रेक लावलाय काय?"

"हो."

"मग काय होणार! ब्रेकमुळे मालकाचा खांदा वाचतो, आणि वरच्या दुर्बिणीला उलटसुलट हिसके बसतात."

त्यांनी एक मध्यम किमतीची दुर्बीण काउंटरवरच्या लोखंडी पकडीत, व्हाइसमध्ये आवळली, तिच्यातली नेम धरायची फुली समोरच्या दुकानाच्या पाटीवर आणली आणि तसेच हिसके द्यायला रबरी हातोडी उचलली.

"चाचा, मोडली तर?"

"इथं मोडली तर दुकानाचा शेठ मला घालवील. वाळवंटात मोडली तर तुझा मालक तुला."

त्यांनी तीन ठोके मारले.

"आता बघ, फुली हलली काय?"

दुर्बिणीला डोळा लावण्याआधी मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.