खंडेनवमीचा कीबोर्ड

त्या वर्षी श्रावणात माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या एसटी बसखाली एक म्हातारा आला. शाहूवाडीकडचा रस्ता, भर दुपार. डोक्यावर ओल्या गवताचा भारा घेऊन तो बांधावरून उतरला आणि सरळ रस्ता ओलांडायला लागला. भाऱ्यामुळे त्याला बस दिसली नसावी. आप्पांनी ब्रेक मारला. बस थांबली, पण त्याच्या अंगावरून चार हात पुढं जाऊन थांबली.

चौकशी झाली. रस्त्यावरच्या टायरच्या खुणा मोजल्या, बसचे ब्रेक तपासले, आतल्या प्रवाशांना विचारलं. महिन्याभरानं कागद आला की चालकाचा दोष नाही, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हावं. आईनं तो कागद कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला. आप्पा परत स्टिअरिंगवर बसणार की नाही, एवढाच प्रश्न आमच्या घरात उरला होता आणि तो विचारायची कुणाची छाती नव्हती.

आमच्या मंगळवार पेठेत प्रेमानं बोलायचं तरी आवाज चढवावा लागतो, आणि आप्पांचा आवाज तर पेठेतही नावाजलेला. तो माणूस गप्प झाला. पुढ्यात ताट आलं की जेवायचा, मटण असो की आमटी, दोन्हीला चेहरा सारखाच. मला तरी काय वाटत होतं? वाईट वाटत होतं असं म्हटलं की बरं दिसतं, पण खरं सांगायचं तर काहीच वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल आपला राहत नाही, तसं सगळं घर झालं होतं. मी कॉलेजला जात होते, येत होते, कुणी आलं की चहा ठेवत होते.

मी तेव्हा कॉम्प्युटरच्या कोर्सला होते. मामाच्या ऑफिसातून काढून टाकलेला एक कॉम्प्युटर माझ्या टेबलावर आला होता. त्याच्यावर गाडी चालवायचा एक गेम होता. गेम चार-पाच वर्षं जुना आणि कॉम्प्युटर त्याहून म्हातारा. परदेशातलं कुठलंसं शहर, चौक, फूटपाथ, पायी चालणारी माणसं. त्या माणसांचं एक होतं, ती मरत नव्हती. गाडी अंगावर आली की उडी मारून बाजूला व्हायची. लहान मुलं खेळणार म्हणून करणाऱ्यांनी तशी सोय केली असावी.

एका दुपारी अभ्यास टाळून मी तो खेळत होते. आप्पा कधी मागं येऊन उभे राहिले ते कळलं नाही.

"ह्यात बस हाय?"

कितीतरी दिवसांत त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. गाड्यांच्या यादीत बस होती. मी खुर्ची सोडली. त्यांनी खुर्ची पुढं ओढली, परत थोडी मागं केली, खांद्यावरच्या टॉवेलनं मॉनिटरची काच पुसली आणि मग बसले. वरचा बाण म्हणजे रेस, खालचा बाण म्हणजे ब्रेक. गल्लीतून त्यांनी बस छान काढली. पहिल्या चौकात माणसांची गर्दी आली आणि चित्र अडकलं. सुटलं तेव्हा बस फूटपाथवर चढली होती आणि माणसं इकडं-तिकडं उड्या मारत होती.

आप्पांनी कीबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"ब्रेक दाबला हुता मी."

"कॉम्प्युटर स्लो आहे, आप्पा. तुमची चूक नाही."

"दाबला हुता की."

एवढं बोलून ते उठून गेले. चौकशीतही ते हेच बोलले होते, शब्दाला शब्द. आणि 'तुमची चूक नाही' हे आमच्या घरात पहिल्यांदा बोललं गेलं, तेही एका गेमबद्दल. मला त्या कॉम्प्युटरचा भयंकर राग आला. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं, ते हे. त्या चौकात ब्रेक लागला पाहिजे, दाबला की तत्क्षणी लागला पाहिजे, असं मी मनाशी घेतलं. तो लागला की आप्पा डेपोत जातील, असा हिशेब मी का मांडला ते मला अजून सांगता येत नाही.

जवळच्या सायबर कॅफेतून शोधून मी एक लहानसा प्रोग्रॅम फ्लॉपीवर उतरवून आणला. गेमची मोठी बंद फाईल तो उघडून दाखवायचा. आत सगळं शहर सुटं करून ठेवलेलं असायचं: भिंतींची चित्रं, झाडांची चित्रं, आभाळ, सावल्या, आणि साध्या अक्षरांतल्या याद्या, ज्यांत नुसते आकडे. कॉम्प्युटरला ओझं होतंय ते काढायचं, गेम परत चालवायचा, अडकतोय का बघायचं. आधी सावल्या काढल्या. मग आभाळाला एकच रंग दिला. चित्रं निम्म्यानं लहान केली. लांबचं दिसायचं बंद केलं, तेव्हा रस्त्याच्या टोकाला धुरकट पडदा आला. आप्पा म्हणाले, "आंब्याच्या घाटात असतंय असं." त्यांना ते पटलेलं दिसलं. एकदा एक आकडा चुकला आणि सगळे रस्ते गायब होऊन बस हवेत लोंबकळायला लागली. तेव्हा सगळा गेम पुन्हा घालावा लागला.

एवढं करूनही चौकात चित्र अडकायचंच. मग मी माणसांच्या संख्येचा आकडा शोधला आणि तिथं शून्य घातलं.

गेम लोण्यासारखा पळाला. आप्पांनी बस काढली. प्रत्येक चौकात ते थांबायचे, हॉर्न द्यायचे, दोन्ही बाजूंना बघायचे आणि मोकळ्या रस्त्यावरून पुढं जायचे. चौथ्या चौकात त्यांनी विचारलं, "माणसं काढलीस व्हय?"

"त्यांच्यामुळं अडकत होतं."

"घाल परत. माणसं न्हाईत तर ब्रेक कशाला पायजे?"

मी माणसं परत घातली. मग बाकीचं काढत सुटले. झाडं गेली, पाट्या गेल्या, दुकानं गेली, इमारतींच्या जागी राखाडी ठोकळे उरले. अख्ख्या शहरात बघण्यासारखं काही शिल्लक नव्हतं, माणसं मात्र नाक-डोळ्यांसकट. आणि एका दुपारी, भर गर्दीच्या चौकात, आप्पांनी खालचा बाण दाबला आणि बस जागेवर थांबली. समोरून एक माणूस सावकाश रस्ता ओलांडून गेला. आप्पांनी तो पलीकडं पोचेपर्यंत वाट बघितली.

त्यानंतर ते रोज चार ते सहा बसायचे. आई चहा घेऊन आली की म्हणायचे, "तितं ठेव, गाडी चालू हाय." शेजारच्या काकूंना आईनं सांगून टाकलं की हे ड्युटीवर हायत. कागद मात्र खिळ्यालाच होता.

खंडेनवमी आली. दरवर्षी आप्पा डेपोत जाऊन बसला हार घालायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचे. त्या वर्षी गेले नाहीत. घरी आईनं पाटावर विळी, कात्री, आप्पांचा पाना-पक्कड असं मांडलं आणि माझ्या टेबलावरून कीबोर्ड उचलून मधोमध ठेवला. मी ओरडले, "आई, त्याच्यावर पाणी घालू नकोस!"

"कळतंय मला. कोरडीच पूजा हाय."

तिनं बटणांवर कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, अक्षता टाकल्या. आप्पांनी टोपी घालून हात जोडले. पूजेला लावलेल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नाही, म्हणून कीबोर्ड रात्रभर पाटावरच राहिला.

दसऱ्याला दुपारी आईनं तो पुसून आणून दिला. सोनं वाटायला बाहेर पडायला अजून वेळ होता. आप्पा बसले, बस काढली, वेग घेतला. चौक आला. चौकात बायका, माणसं, नेहमीची गर्दी. आप्पांनी खालचा बाण दाबला. तो खाली जाईना. त्यांनी बोट उचलून परत दाबला, मग अंगठ्यानं, मग सगळ्या पंजानं. बस गर्दीतून आरपार गेली. एकूण एक माणूस उडी मारून बाजूला झाला. पुढच्या राखाडी ठोकळ्यावर आपटून बस थांबली.

मी कीबोर्ड उलटा करून आपटला. झेंडूची पाकळी पडली आणि मागोमाग कुंकवानं लाल झालेला तांदळाचा एक दाणा.

"आप्पा, अक्षता अडकली होती. आता लागेल ब्रेक. बघा."

ते पडद्याकडं बघत होते. उड्या मारलेली माणसं परत रस्त्यावर येऊन चालायला लागली होती.

"हितं ब्रेक लागला न्हाय, तरी सगळी वाचली," ते म्हणाले. मग म्हणाले, "तितं लागला हुता, पोरी."

आईनं खाली वाकून तो दाणा उचलला. अक्षता पायदळी नको म्हणून तुळशीत टाकली आणि आत गेली. कुठल्या बटणाखाली होता, काय झालं, तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा खाकी कपड्यांत बाहेर आले. खिळ्याचा कागद काढून घडी करून खिशात घातला. दारात बूट बांधता बांधता मला म्हणाले, "त्यो गेम काढून टाक."

"आता कुठं नीट चालायला लागलाय, आप्पा."

"म्हणूनच काढ. माणसं आपसूक बाजूला हुत्यात, असं वाटायची सवय लागंल मला."

ते गेले. मी कॉम्प्युटर चालू केला. एवढे दिवस खपून तयार केलेलं शहर पुसायला एक मिनिटही लागलं नाही. मग मी टेबलावर डोकं ठेवून रडले, आप्पांसाठी आणि त्या म्हाताऱ्यासाठी. श्रावणापासून पहिल्यांदाच.