क्लच गेला त्या सकाळी

त्या सकाळी मी फोनवर नवऱ्याला जे काही बोलले, ते ऐकून लेकीने कानांवर हात ठेवले होते.

बोरी बुद्रुकला आमची वस्ती शेतात. पावसाळ्यात गावात यायचं तर त्या चिखलातून आमची जुनी फोर बाय फोर जीपच निघते; मोटारसायकल घातली की रुतलीच. लेकीचा नर्सिंगला नंबर लागला होता. जुन्नरला अकराच्या आत मूळ कागद दाखवायचे, नाहीतर जागा पुढच्या नंबरला. फाट्यावरची नऊची एसटी चुकली की संपलं.

आणि अर्ध्या वाटेत, चिखलाच्या बरोबर मधोमध, क्लचचं पेडल धप्पकन खाली गेलं ते वर आलंच नाही. गाडी आचके खाऊन गिअरमध्येच बंद पडली. नऊला वीस मिनिटं कमी होती.

शेजारच्या रानातले दोघे आले. "वहिनी, क्लच प्लेट गेली. लई खर्च हाय," एक म्हणाला. दुसरा त्याच्याकडे बघून हसला, "बायामाणसांना क्लचवर पाय ठिवूनच चालवायची सवय असती राव."

डोकं सणकलं माझं! अहो, प्लेट गेली असती तर इंजिन नुसतं ओरडलं असतं आणि गाडी जागची हलली नसती. इथं सगळं उलटं, गाडी गिअर सोडायलाच तयार नाही. पेडल नुसतं लोंबतंय. म्हणजे पेडलपासून क्लचपर्यंत जाणारा दांडा कुठंतरी निखळलाय. बारा वर्षं ही जीप हाकतेय मी, एवढं कळतं मला. "भाऊ, तुमी तुमचं रान बघा, आमचं आमी बघतो," असं म्हणून त्यांना वाटेला लावलं.

मग चाकणला कंपनीत असलेल्या नवऱ्याला फोन लावला. मागच्या महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा तोच गाडीखाली शिरला होता. "अवं, काय ठोकून ठेवलंय खाली? पोरीचं वाटोळं करायला निघालाय का?"

"अगं, मी नुसतं ऑइल बदललं व्हतं..."

"ते ऑइल घाला चुलीत!" म्हणून फोन आपटला.

पदर खोचला आणि चिखलात पाठ टेकून गाडीखाली शिरले. दांडा मोकळा लोंबत होता. जोडाची पिन पडून गेली होती. ती निसटू नये म्हणून टोकाला बारीक कॉटर असते, तिच्या जागी टोमॅटोचा मांडव बांधायची तार पिळून घातलेली, गंजून तुटलेली. शिवी ओठांवर आली, आणि मग पीळ दिसला. आमच्याकडं सगळे तार उजवीकडं पिळतात. मी डावखुरी, माझा पीळ उलटा पडतो. बांधणीला आलेल्या बायका दर हंगामात त्यावरून माझी टिंगल करतात. उन्हाळ्यात कॉटर तुटली, काम खोळंबलं होतं, म्हणून दोन दिवसांपुरती मीच ती तार घातली आणि साफ विसरले. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

पिन चिखलात कुठं शोधणार? लो रेंज टाकली, त्यात गाडी हळू पण जोरात ओढते, आणि पहिल्या गिअरमध्येच चावी फिरवली. स्टार्टरने हिसके देत गाडी ओढली आणि इंजिन लागलं. आता फाट्यापर्यंत थांबायची सोय नव्हती. एसटी सुटायच्या बेतात होती. लेकीने फाईल छातीशी धरून चालत्या जीपमधून उडी मारली, धडपडली, पळाली आणि चढली. मी ब्रेक दाबून गाडी बंद पाडली.

थोड्या वेळाने नवऱ्याचाच फोन आला. "मिळाली का एसटी पोरीला?"

"मिळाली."

"काय झालं व्हतं गं?"

"कॉटरच्या जागी तार व्हती. ती तुटली."

तो म्हणाला, "माझंच चुकलं. खाली शिरलो व्हतो तवाच दिसायला पायजे व्हती मला."

खरं तोंडाशी आलं होतं. पण मी म्हणाले, "मग बघत जा ना जरा नीट!" तेही त्याच चढ्या आवाजात. आणि तो "बरं" म्हणाला.